परवानगीच्या सभेपासून विधानसभेपर्यंत

मनमाडहून निघालेली गाडी औरंगाबाद, जालना, परतूर करत सेलूला येते आणि पुढे परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हा लोहमार्ग झाला आणि त्याच्या कडेची गावे कापसाच्या पेठा म्हणून वाढली. सेलू त्यांतलेच एक. सरक्या-रुईचा व्यापार, जिनिंगचे कारखाने, आठवडी बाजार आणि पुढे १९३९ मध्ये सुरू झालेले नूतन विद्यालय, ही या गावाची ओळख. मुंबई-पुण्याकडचे वर्तमानपत्र किंवा पुस्तक या भागात यायचे तर बहुधा याच मार्गाने यायचे. पण आलेले वर्तमानपत्र वाचून चार माणसांसमोर उभे राहायचे आणि त्यावर मत मांडायचे म्हटले, तर त्यासाठी सरकारी परवानगी लागत होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तो कायदाच होता.

हे संस्थान लहान नव्हते. ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाखांवर लोकसंख्या. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड; कारभाराची भाषा उर्दू. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा मराठवाडा. जाहीर सभेवर बंधने घालणारे सरकारी परिपत्रक ‘गश्ती निशान ५३’ या नावाने प्रसिद्ध होते. त्या काळावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याचा उल्लेख केला आहे, कारण प्रत्येकाला कधी ना कधी त्याचा चटका बसलेला आहे. सभा घ्यायची तर आगाऊ अर्ज करायचा, विषय कळवायचा आणि परवानगीची वाट पाहायची. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही अशीच बंधने होती. परिणाम असा की हैदराबादच्या प्रजेची राजकीय परिषद हैदराबादमध्ये भरूच शकत नव्हती. ती १९२३ मध्ये काकीनाड्याला, १९२६ मध्ये मुंबईला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९३१ मध्ये अकोल्याला भरली. आपल्या घरातल्या प्रश्नांची चर्चा करायला माणसे शेजाऱ्याच्या ओसरीवर जात होती.

तोंड बंद करण्याचे काम मात्र एकट्या निजामाने केले असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबाद शहरातल्या विवेकवर्धिनीत एक सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजी, उर्दू, मराठीत झाली. मग अलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलू लागले, आणि सभेतल्या मराठी श्रोत्यांनी गोंधळ घालून त्यांना बोलू दिले नाही. राज्यात सर्वांत मोठी संख्या तेलुगू भाषकांची, आणि त्यांच्याच राजधानीत त्यांच्या भाषेची टर उडवली गेली. त्या अपमानातून आंध्र जनसंघम् ही संस्था जन्मली. पुढे तिचीच आंध्र महासभा झाली. संस्था काढणाऱ्यांत माडपाटी हनुमंतराव होते, आणि बुर्गुल रामकृष्णराव नावाचे एक तरुण वकीलही होते. या बुर्गुलांचे नाव ध्यानात ठेवायला हवे. मराठी वाचकांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावी असे मला वाटते. आपण स्वतः तोंडबंदीचे बळी होतो, तरी त्या एका सभेत आपण तेच दुसऱ्याला केले. आणि ज्याला बोलू दिले नाही त्याने आपले वेगळे व्यासपीठ उभे केले.

मराठवाड्याचे स्वतःचे व्यासपीठ १९३७ मध्ये उभे राहिले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. अध्यक्ष गोविंदराव नानल. परिषदेने राजकारणात पडू नये अशी सरकारची अपेक्षा होती, आणि परिषदेतल्या बऱ्याच ज्येष्ठांनाही तेच शहाणपणाचे वाटत होते. शिक्षण, शेती, समाजसुधारणा यांवर बोलावे, सरकारला अर्जविनंत्या कराव्यात, मिळेल ते पदरात पाडून घ्यावे. हा झाला मवाळ पक्ष. काशीनाथराव वैद्य यांच्यासारखे हैदराबादचे नामांकित वकील या पक्षाचे. त्यांना भित्रे ठरवणे अन्याय होईल. सभा परवानगीवर चालते, शाळा परवानगीवर चालते. उद्या दडपशाहीचा वरवंटा फिरला तर वीस वर्षांत जमवलेले सारे जाईल, ही त्यांची भीती अनुभवातून आलेली होती.

दुसऱ्या बाजूला तरुण शिक्षक आणि विद्यार्थी होते. त्यांचे म्हणणे साधे होते: राज्यकारभार प्रजेला जबाबदार असला पाहिजे, आणि ते मागायला परवानगी कशाला? १९३८ च्या लातूर अधिवेशनात परिषदेचे सरचिटणीसपद स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे आले. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवलेला हा संन्यासी परिषदेत आला आणि वादाला धार चढली. औरंगाबादला गणिताचे शिक्षक असलेले गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे मित्र मार्क्सवादाचा अभ्यास करत होते. ते आणखी डावीकडे. एकाच परिषदेत निजामाच्या दरबारी मान असलेले वकील आणि क्रांतीची भाषा करणारे पोर वयाचे मास्तर शेजारी बसत होते. परिषद पुढे उमरी, औरंगाबाद, सेलू अशी गावोगाव फिरली आणि प्रत्येक ठिकाणी हा वाद तिच्याबरोबर गेला. ठराव कोणत्या शब्दांत मांडायचा यावर विषय नियामक समितीत रात्री जागत. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक या चर्चा गावोगाव पोहोचवत होते. सरकारने एका नावावर बंदी घातली की ते दुसरे नाव घेऊन येई.

पुढच्या चार-पाच वर्षांचा पट भरगच्च आहे, पण तो वेगाने सांगता येतो. सप्टेंबर १९३८ मध्ये स्थापना होण्याआधीच हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह चालू होते. लढ्याला धार्मिक रंग चढतो आहे हे पाहून गांधीजींच्या सल्ल्याने २४ डिसेंबरला काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादेत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी वसतिगृहे आणि महाविद्यालये सोडली. १९३९ मध्ये निजामाने सुधारणा जाहीर केल्या: ८५ सभासदांचे कायदेमंडळ, त्यांतले ४२ निवडून आलेले, हिंदू-मुसलमानांना समसमान जागा, आणि खऱ्या सत्तेला हात नाही. मवाळांना वाटे, दार किलकिले तरी झाले. जहालांना वाटे, हे दार भिंतीवर रंगवलेले आहे.

१९४२ मध्ये डाव्यांत फूट पडली. रशिया युद्धात उतरल्यावर कम्युनिस्ट पक्षाने ते लोकयुद्ध ठरवले आणि ‘चले जाव’पासून अंग काढून घेतले. गोविंदभाई राष्ट्रीय लढ्याबरोबर राहिले. त्यांचे सहकारी व्ही. डी. देशपांडे कम्युनिस्ट पक्षात गेले. तेलुगू भागात तर मतभेदाने संस्थाच दुभंगली. १९४४ मध्ये भोनगीरच्या अधिवेशनात आंध्र महासभा रावी नारायण रेड्डींच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्टांच्या हाती आली, मवाळ बाहेर पडले आणि एकाच नावाच्या दोन सभा झाल्या. दोन्ही बाजूंचे एकमेकांशी बोलणे तिथे संपले. दोनच वर्षांत, जुलै १९४६ मध्ये, कडवेंडी गावात जमीनदाराच्या माणसांनी दोड्डी कोमरय्या या तरुणाला गोळी घातली आणि तेलंगणात सशस्त्र उठाव पेटला. महासभा फुटल्यामुळे उठाव झाला असे कोणी म्हणणार नाही. देशमुख जमीनदारांचे जुलूम आणि वेठबिगारी हे त्याचे खरे कारण. पण मधे बोलणारे उरले नव्हते, हेही तितकेच खरे.

त्याच जुलैत स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली. अध्यक्षपदासाठी उघड निवडणूक झाली. एका बाजूला स्वामी रामानंद तीर्थ आणि दुसऱ्या बाजूला बुर्गुल रामकृष्णराव. प्रश्न तोच होता: निजामाच्या सुधारणांत भाग घ्यायचा की त्यांवर बहिष्कार टाकायचा? स्वामीजी थोड्या मतांच्या फरकाने जिंकले. हा थोडा फरक मला फार मोलाचा वाटतो. जवळपास निम्मी संघटना पराभूत बाजूची होती, तरी संघटना टिकली. जून १९४७ मध्ये हैदराबादच्या मुशीराबादला स्टेट काँग्रेसचे खुले अधिवेशन भरले आणि संस्थानाने भारतीय संघराज्यात सामील व्हावे अशी निःसंदिग्ध मागणी तिथून झाली. ७ ऑगस्टला सामीलीकरण दिन पाळला गेला आणि स्वातंत्र्याच्या पहाटे स्वामीजी तुरुंगात गेले.

मग चर्चेचे दिवस संपले. निजामाची बाजू घेणाऱ्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे अध्यक्षपद लातूरचे वकील कासीम रझवी यांच्याकडे आले होते. त्यांचे सशस्त्र स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, गावोगाव फिरू लागले. सीमेपलीकडे काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले, तेलंगणात कम्युनिस्टांची दले होती. या धुमाळीत, मतभेदाची किंमत सर्वांत जास्त कोणी मोजली असेल तर ती हैदराबादच्या काही मुस्लिम विचारवंतांनी. ऑगस्ट १९४८ मध्ये मंझूर यार जंग यांच्यासह सात प्रतिष्ठित मुस्लिमांनी निवेदन काढले, रझाकारांना आवरा आणि भारतात सामील व्हा. शोएबुल्ला खान यांच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाने अशीच भूमिका घेतली होती. २१-२२ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतत असताना रझाकारांनी त्यांना रस्त्यात गाठले, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. वय तिशीच्याही आत. आपल्याच समाजात राहून आपल्याच समाजातल्या टोकाच्या मताला तोंड देणारा माणूस कोणत्याही समाजात विरळा असतो, आणि तो मेला की उरलेल्यांची जीभ टाळूला चिकटते.

महिन्याभरात, १३ ते १७ सप्टेंबरला, ‘पोलीस कारवाई’ या नावाने भारतीय सैन्य आत आले आणि निजामशाही संपली. मराठवाडा १७ सप्टेंबर मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि तो करायलाच हवा. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले यावर आपल्याकडे फार उशिरा बोलले गेले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात म्हटले की पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य मुस्लिम होते, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली नावे आहेत. तो अहवाल काही दशके दप्तरबंद राहिला. रझाकारांच्या अत्याचाराची चर्चा ओट्याओट्यावर झाली, या दुसऱ्या हिंसेची झाली नाही. शेजाऱ्यांच्या मनात काय साठून राहिले हे त्यामुळे शेजाऱ्यांनाच कळले नाही. मुक्तिलढ्यावर मनापासून प्रेम असलेल्या माणसाने हे सांगितले पाहिजे. इतरांनी सांगितले तर तो आरोप वाटतो.

पुढची तीन वर्षे आधी लष्करी राज्यपाल जयंतनाथ चौधरी यांची, मग एम. के. वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याची. कम्युनिस्ट पक्षावर बंदी, तेलंगणात फौज, जंगलात दले. या कोंडीत एप्रिल १९५१ मध्ये विनोबा भावे हैदराबादला आले. तेलंगणाच्या पदयात्रेला निघण्याआधी ते हैदराबादच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या कम्युनिस्ट कैद्यांशी बोलले. मग पोचमपल्लीला हरिजनांनी जमीन मागितली, वेदिरे रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली आणि भूदान सुरू झाले. भूदानाने जमिनीचा प्रश्न सुटला असे मी मानत नाही. पण ज्यांच्या डोक्यावर बक्षिसे लागली होती त्यांच्या सोबत्यांशी एक संन्यस्त वृत्तीचा मराठी माणूस तुरुंगात बसून बोलतो, त्यांचा जमिनीचा प्रश्न खरा आहे असे उघडपणे म्हणतो आणि त्यांचा मार्ग मात्र नाकारतो, ही घटना त्या वातावरणात मोठी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कम्युनिस्टांनी सशस्त्र लढा मागे घेतला. त्यांनी तो विनोबांमुळे मागे घेतला नाही. लष्करी बळ, पक्षांतर्गत वाद आणि जवळ आलेली सार्वत्रिक निवडणूक ही कारणे होती. निवडणूक जवळ आली नसती तर मागे फिरून जायला ठिकाण कोणते होते?

१९५२ च्या आरंभी मतदान झाले. पक्षावर बंदी असल्याने कम्युनिस्ट आणि त्यांचे मित्र पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने उभे राहिले. १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ९३ आणि या आघाडीला ४२ मिळाल्या. समाजवादी ११, शेतकरी कामगार पक्ष १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ५, अपक्ष १४. लोकसभेला नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी निवडून आले आणि त्यांना पडलेली मते पंडित नेहरूंपेक्षाही जास्त होती. मराठवाड्यातही एकरंगी कौल लागला नाही. बीडने डाव्या आघाडीचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना पाठवले. परभणीने, म्हणजे सेलूनेही, काँग्रेसच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे दिल्लीला धाडले. मुक्तिलढ्याची सारी पुण्याई काँग्रेसच्या पदरात असताना या जिल्ह्याने दुसरा आवाज निवडला. १९७७ मध्ये शेषराव देशमुखांना निवडून देताना परभणीने तोच पक्ष पुन्हा निवडला.

६ मार्च १९५२ रोजी बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. विधानसभेच्या अध्यक्षपदी काशीनाथराव वैद्य. गृहमंत्री दिगंबरराव बिंदू, महाराष्ट्र परिषदेतून आलेले. आणि विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे. मराठवाड्यातला हा मराठी कम्युनिस्ट तेलंगणातल्या इप्पागुडा मतदारसंघातून तेलुगू शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आला होता. १९२१ च्या सभेत मराठी माणसांनी तेलुगूत बोलणाऱ्याला खाली बसवले होते. एकतीस वर्षांनी तेलुगू गावे एका मराठी माणसाला आपला प्रतिनिधी म्हणून पाठवत होती. त्याच्यासमोर मुख्यमंत्री म्हणून बसले होते ते त्या अपमानातून निघालेल्या संस्थेचे एक संस्थापक. डाव्या आघाडीच्या बाकांवर आलेरच्या आरुटला कमलादेवी होत्या, ज्या आधी सशस्त्र दलात होत्या. हुजूरनगरच्या पोटनिवडणुकीने कामगारनेते आणि उर्दू कवी मख्दूम मोहिउद्दीन यांनाही तिथे आणले. ज्यांना पकडायला फौज पाठवली होती ते, आणि ज्यांनी फौज पाठवण्याला पाठिंबा दिला होता ते, आता एकाच अध्यक्षाकडे पाहून ‘अध्यक्ष महाराज’ म्हणत होते. सभागृहात उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळ्या भाषा चालत. कामकाजाचे छापील वृत्तान्त पाहिले तर एकाच पानावर तीन-तीन लिप्या दिसतात.

हे सभागृह गोडीगुलाबीचे नव्हते. सप्टेंबर १९५२ मध्ये, सरकार येऊन सहा महिने झाले असताना, बाहेरच्यांना नोकऱ्या देण्याविरुद्ध हैदराबादेत विद्यार्थ्यांचे मुल्की आंदोलन पेटले. सिटी कॉलेजजवळ पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. विरोधकांनी बिंदूंच्या गृहखात्याला धारेवर धरले. न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डी यांच्याकडून चौकशी करवावी लागली. चार वर्षांपूर्वी याच शहरात एका संपादकाला हात तोडून मारले गेले होते आणि त्याचा जाब विचारायला जागा नव्हती. आता जागा होती, आणि जाब विचारणारे लोक निवडून आलेले होते. फरक कुठे पडला ते इथे दिसते.

जमिनीच्या प्रश्नावर दोन टोके सर्वांत खणखणीतपणे भिडली. हैदराबादचा कूळकायदा १९५० चाच होता. त्याने संरक्षित कुळांचा वर्ग निर्माण केला. पण कायदा होताच मालकांनी कुळे काढायला सुरुवात केली. विरोधी बाकांवरचे लोक ही गावे पायाखाली घातलेले होते. काँग्रेसच्या बाकांवर जमीनदार होते तसे जमीनसुधारणा मनापासून हवी असणारेही होते. १९५४ ची दुरुस्ती झाली; तिने संरक्षित कुळांना जमिनीची मालकी देण्याची वाट उघडली आणि जमीनधारणेवर साडेचार कुटुंबधारणांची कमाल मर्यादा आणली. भारतातल्या सुरुवातीच्या कमाल मर्यादांपैकी ही एक. डावे म्हणाले, फार थोडे आणि फार उशिरा. जमीनदार म्हणाले, हा दरोडा आहे.

आणि डाव्यांचे म्हणणे आकड्यांनी खरे ठरले. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले की १९५१ मध्ये संरक्षण मिळालेल्या कुळांपैकी निम्म्याहून कमी १९५४ पर्यंत त्या हक्कावर टिकली होती. जवळपास बावीस टक्के बेकायदा काढली गेली होती, आणि सतरा-अठरा टक्क्यांनी ‘स्वखुशीने’ जमीन सोडल्याचे कागद झाले होते. विधानसभेतल्या भाषणाने तलाठ्याच्या दप्तरातली नोंद आपोआप बदलत नाही. तरीही मी त्या भाषणांना निष्फळ म्हणणार नाही. सत्ताधारी पक्षातल्या सुधारकांना आपल्याच पक्षातल्या जमीनदारांशी लढायला जे बळ लागले ते समोरच्या ४२ बाकांनी पुरवले. आणि ज्या गावांत पाच वर्षांपूर्वी या प्रश्नावर रक्त सांडत होते तिथला शेतकरी आता आमदाराकडे अर्ज घेऊन जात होता. तो अर्ज अनेकदा फेटाळला गेला, पण पुढच्या मतदानात त्याचा हिशेब होऊ शकत होता.

या विधानसभेचा शेवटचा मोठा वाद तिच्या स्वतःच्या अस्तित्वावर झाला. फाझल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला: मराठवाडा मुंबई राज्याला, कन्नड जिल्हे कर्नाटकाला, आणि तेलंगण निदान १९६१ पर्यंत वेगळे राज्य. २५ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर १९५५ अशी चर्चा चालली. १४७ सदस्यांनी मते मांडली. १०३ जणांनी तेलंगण लगेच आंध्रात विलीन करून विशालांध्र करण्याला पाठिंबा दिला, २९ जणांनी विरोध केला, उरलेले तटस्थ राहिले. हैदराबाद राज्य मोडावे ही मागणी कम्युनिस्टांची होती, आणि तीच स्वामी रामानंद तीर्थ आणि मराठवाड्यातल्या काँग्रेसजनांचीही होती. नेहरूंना आधी हे राज्य मोडायला नको होते. राज्य मोडले की मुख्यमंत्रिपद जाणार हे बुर्गुलांना दिसत होते, तरी त्यांनीही शेवटी विशालांध्राची बाजू घेतली. ठरावावर मतदान झालेच नाही, कारण ‘जनतेच्या इच्छेनुसार’ हे शब्द त्यात हवेत असा तेलंगणवाद्यांचा आग्रह होता. नऊ दिवस सगळे बोलले आणि सभागृह ठराव मताला न टाकता उठले.

विलीनीकरणात तेलंगणवर अन्याय होईल हे त्या २९ जणांचे भय वाया गेले नाही. त्यांचे म्हणणे नोंदले गेले होते म्हणूनच फेब्रुवारी १९५६ मध्ये आंध्र आणि तेलंगणच्या नेत्यांना लेखी करार करावा लागला: नोकऱ्या, शिक्षण, महसूल यांत तेलंगणला संरक्षण. तो पाळला गेला नाही तेव्हा १९६९ मध्ये तेच प्रश्न रस्त्यावर आले, आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. अल्पमतातल्या बाजूने १९५५ मध्ये जे सांगितले ते बहुमताने ऐकले असते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारायला इतिहासात जागा आहे.

बुर्गुल रामकृष्णराव नोव्हेंबर १९५६ मध्ये केरळचे राज्यपाल म्हणून गेले. विधानसभेत चार-साडेचार वर्षे कम्युनिस्टांशी वाद घातलेल्या या गृहस्थांनी ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळाला शपथ दिली. भारतातले निवडून आलेले ते पहिले कम्युनिस्ट सरकार. जुलै १९५९ मध्ये ते बरखास्त झाले तेव्हाही राज्यपाल तेच होते आणि राज्यपालांचा अहवाल दिल्लीला गेला होता. हैदराबादेत विरोधकाला ऐकून घेण्याची जी सवय लागली ती दिल्लीच्या रेट्यापुढे टिकली नाही, असे माझे मत आहे.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबईत आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. येताना इथल्या नेत्यांच्या मनातही धास्ती होतीच. मुंबई-पुण्याच्या मोठ्या घरात मागासलेल्या भावाचे कोण ऐकणार? म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर देवीसिंग चौहान, लक्ष्मणराव भाटकर, भगवंतराव गाढे आणि प्रभावतीबाई जकातदार यांनी मराठवाड्याच्या वतीने सह्या केल्या तेव्हा निधी, नोकऱ्या आणि शिक्षण यांत वाटा मागितला गेला. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरावे हेही त्याच करारात ठरले. पुढे संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आली. तीत एक अट आहे: या मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला गेला पाहिजे. म्हणजे मागास भागाचे रडगाणे नेत्यांच्या कानात सांगायचे नाही. ते सभागृहात, विरोधकांच्या समोर, आकड्यांसह मांडायचे. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, राज्य होऊन चौतीस वर्षांनी. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.